तारपिळे

तारपिळे हे आडनाव कुठल्याही कुलवृत्तान्तात सापडणार नाही. ते मी दिलंय, आणि एकाला नव्हे, अख्ख्या जमातीला दिलंय. या जमातीतली माणसं अथेन्सला झाली, रोमला झाली, लंडनला झाली, सांगलीतही झाली. सध्या त्यातली बरीचशी अमेरिकेत मोटारीच्या गॅरेजमध्ये असतात. मोटार बाहेर उन्हात.

ओळखायची खूण सोपी आहे. मैफल संपते, लोक टाळ्या वाजवतात, आणि तारपिळे डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून बसून राहतात. आपल्याला वाटतं, गाणं भिनलंय. जवळ जाऊन विचारावं तर म्हणतात, ‘‘तिसरी तार चार सेंट चढी होती.’’ हा सेंट अत्तराचा नव्हे. पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर शंभर भागांत कापलं की त्यातला एक भाग म्हणजे सेंट. चार सेंटनी तुमचंआमचं काही बिघडत नाही. तारपिळ्यांचं रात्रीचं जेवण बिघडतं.

या जमातीची जुनी आणि ठसठशीत लेखी नोंद प्लेटोची आहे, आणि तीही टिंगल म्हणून. ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात सॉक्रेटिस आणि ग्लॉकन यांच्या बोलण्यात हे लोक येतात. शेजारच्या घरातलं बोलणं चोरून ऐकावं तसे तारांना कान लावून बसलेले. एक म्हणतो, मला या दोन सुरांच्या मध्ये अजून एक ऐकू येतोय, याहून लहान अंतर जगात नाही. दुसरा म्हणतो, छे, दोन्ही सूर एकच आहेत. सॉक्रेटिस तर असं बोलतो, जणू खुंट्यांवर पिळून तारांकडून कबुलीजबाब काढायचाय. या गोष्टीला चोवीसशे वर्षं झाली. मधला सूर आहे की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही.

जमातीत दोन पोटशाखा आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. एक अपूर्णांकवाले. यांचा मूळपुरुष पायथागोरस. लोहाराच्या घणांचे नाद ऐकून त्यानं घणांची वजनं केली आणि सुरांची गुणोत्तरं काढली, अशी कथा आहे. कथा छान आहे, फक्त घण तसे वाजत नाहीत. तारेला वजनं टांगूनही ते आकडे येत नाहीत, हे दाखवलं व्हिन्चेन्झो गॅलिलेई यानं, म्हणजे दुर्बीणवाल्या गॅलिलिओच्या वडिलांनी. मधली शेकडो वर्षं सगळे ती कथा एकमेकांना सांगत होते. जिथं गुणोत्तरं खरोखर मिळतात ती जागा म्हणजे तारेची लांबी. पण कथेला घण शोभतो, फूटपट्टी शोभत नाही.

दुसरे कानवाले. यांचा पुढारी टॅरेन्टमचा अरिस्टॉक्सेनस, अरिस्टॉटलचा शिष्य. सूर कानानं ठरतो, त्रैराशिकानं नाही, हे त्याचं म्हणणं, आणि ते म्हणताना त्याचा स्वर बहुतेक वेळा तक्रारीचा असतो. गुरूच्या पश्चात गादी आपल्याला मिळेल अशी आशा होती, ती थिओफ्रास्टसला मिळाली, आणि म्हणून तो कडवट झाला, असं जुने चरित्रकार सांगतात. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. जो माणूस जन्मभर लोकांचे सूर तपासत बसतो, त्याला कडवट व्हायला गादी कशाला जायला हवी?

पण या अरिस्टॉक्सेनसनं एक झकास आठवण लिहून ठेवलीय. प्लेटोचं ‘कल्याण’ या विषयावर व्याख्यान होतं. लोकांना वाटलं, पैसा, प्रकृती, सुख यांबद्दल काही पदरात पडेल. प्लेटोनं काढलं गणित. श्रोत्यांपैकी कुणी नाकं मुरडली, कुणी नावं ठेवली. ‘या एकदा, तुम्हाला ग्रीक संगीत ऐकवतो’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरी गेलं, की आपली गत त्या श्रोत्यांसारखी होते.

माझी झाली. लेक सॅन दिएगोला असते. तिच्या शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. मी भारतातून आलोय हे कळताच ते कुंपणापाशी आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘‘बावीस!’’

घराचा नंबर विचारतायत असं वाटून मी म्हटलं, ‘‘नाही, चोवीस.’’

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. ‘‘अच्छा! म्हणजे तुम्ही अरबांच्या बाजूचे?’’

ते श्रुतींबद्दल बोलत होते, आणि अरबी संगीतात सप्तकाचे चोवीस भाग मानायची रीत आहे. माझा हात तोवर सुटलेला नव्हता. हे तारपिळे, हे मला तिथंच कळायला हवं होतं.

गॅरेजमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर एक लांब फळी, तिच्यावर एकच तार, खाली सरकती घोडी आणि कडेला चिकटवलेली कागदी पट्टी. याला मोनोकॉर्ड म्हणतात, ग्रीक त्याला कॅनन म्हणत. तारपिळ्यांनी चष्मा बदलला. समोरच्या भिंतीवर कोरफडीच्या कुंड्या होत्या, पण त्यांच्याकडे बघायची मुभा नव्हती.

ग्रीकांचा हिशेब असा. सा ते मध्यम, एवढ्या टप्प्यात चार सूर. याचं नाव टेट्राकॉर्ड. कडेचे दोन सूर पक्के, त्यांना हात लावायचा नाही. मधले दोन मात्र हलते. ते कुठं बसतात त्यावरून तीन जाती: डायटोनिक, क्रोमॅटिक आणि एनहार्मोनिक. पहिल्या दोन जातींना तारपिळे वाहनतळासारखे ओलांडून जातात. त्यांचा जीव तिसरीत.

‘‘आर्किटस,’’ ते म्हणाले, जणू आर्किटस आत चहा ठेवायला गेलाय. हा टॅरेन्टमचा सेनापती, गणिती, प्लेटोच्या परिचयातला. मुलांनी घरातल्या वस्तू फोडू नयेत म्हणून हातात द्यायच्या खुळखुळ्याचं श्रेयही अरिस्टॉटल याच नावावर घालतो. तर या आर्किटसनं एनहार्मोनिक जातीला आकडे दिले: २८:२७, ३६:३५ आणि ५:४. तिन्हींचा गुणाकार ४:३, म्हणजे चोख मध्यम. १२० सेंटिमीटरच्या तारेवर याचा अर्थ असा, की पहिलं पाऊल साधारण सव्वाचार सेंटिमीटरांचं, दुसरं सव्वातीनचं, आणि मग एकदम साडेबावीस सेंटिमीटरांची उडी. लोकलच्या बाकावर तिघांनी एकमेकांना खेटून बसावं, चौथ्यानं पार खिडकी गाठावी आणि मधलं बाक मोकळं राहावं, तसे हे चार सूर.

त्यांनी घोडी सरकवली आणि तार छेडली. मला ऐकू आलं ते असं: सा. मग अतिकोमल रिषभाच्याही खाली कुठंतरी, कुणी घसा साफ केल्यासारखं काहीतरी. मग कोमल रिषभ. मग थेट मध्यम.

‘‘कसं वाटलं?’’

‘‘परत एकदा वाजवा,’’ मी म्हणालो. सभ्यपणानं म्हणालो. पण तारपिळ्यांना असं कधी म्हणू नये. संध्याकाळपर्यंत ऐकत होतो. आर्किटसनंतर एराटोस्थेनिस आला, मग डिडिमस, आणि मग टॉलेमी. पृथ्वीला विश्वाच्या मध्यभागी बसवणारा हाच तो अलेक्झांड्रियाचा टॉलेमी. त्यानं ‘हार्मोनिक्स’ या ग्रंथात आधीच्या सगळ्यांचे आकडे ओळीनं मांडले आणि शेवटी स्वतःचे दिले. जमातीचा सात-बारा म्हणायचा तो हाच.

दम खायला उसंत मिळावी म्हणून मी विचारलं, ‘‘या सुरांतलं तेव्हाचं खरं गाणं ऐकवाल का?’’

तारपिळे गप्प झाले. त्यांना गप्प करणारा एवढा एकच प्रश्न आहे, गरजूंनी लक्षात ठेवावा. शेकड्यांनी नाटकं झाली, हजारोंनी गाणी झाली, आणि स्वरलिपीसकट हाती लागलेत ते साठेक तुकडे. त्यातही धड अवस्थेतलं, पुरतं असं गाणं म्हटलं तर सेइकिलॉसच्या स्मारकशिळेवरचं. ती शिळा आजच्या तुर्कस्तानात १८८३ च्या सुमारास मिळाली. ज्या रेल्वेवाल्या साहेबाकडे ती होती, त्याच्या मडमेला ती फुलांची कुंडी ठेवायला आवडली. नीट उभी राहीना, म्हणून तिचा तळ कापून सपाट केला, आणि खालची ओळ गेली. आता ती कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. ही गोष्ट सांगताना तारपिळ्यांनी भिंतीवरच्या कोरफडीकडे असं पाहिलं, की त्यांच्या घरात फुलझाडं कुणाच्या हौसेनं आलीत ते मला कळलं. आणि हे गाणंही एनहार्मोनिक नाही, साधं डायटोनिक आहे! लाडकी जात तर अरिस्टॉक्सेनसच्या काळातच चालीतून जायला लागली होती. हल्लीच्या लोकांना सगळं गोडगोड करून हवं असतं, म्हणून तो तेव्हा चरफडत होता. म्हणजे जुन्या चालीची आठवण काढून उसासे टाकायची परंपराही तितकीच जुनी.

आता देशाची अब्रू राखायची म्हणून मी आमच्या सांगलीचे देवल काढले. तर त्यांनी कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या १९१० च्या श्रुतींवरच्या इंग्रजी पुस्तकाची प्रतच कपाटातून काढली, पेन्सिलीच्या खुणांसकट. देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर. जमिनीच्या मोजण्या संपल्यावर माणूस तारेच्या मोजणीला बसला. त्यांना क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. साहेब भेटले, गळा अब्दुल करीम खाँसाहेबांचा मिळाला, आणि लंडनहून श्रुतींची हार्मोनियम करवून आणली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या साऱ्या प्रकरणावर वाद झाला. भातखंड्यांना ते पटलं नाही. श्रुतींचे नेमके आकडे ठरवण्यापेक्षा गवयांच्या चिजा वहीत उतरवणं त्यांना निकडीचं वाटलं, आणि मला विचाराल तर त्यांचंच बरोबर होतं. पण गॅरेजमध्ये मी हे बोललो नाही. तिथं मी देवलांचा माणूस होतो.

वाद हरणं हा या जमातीचा कुळधर्मच आहे. १५५१ साली रोममध्ये निकोला व्हिचेन्तिनो नावाच्या तारपिळ्यानं व्हिसेन्ते लुसितानोशी दोन सोन्याच्या नाण्यांची पैज लावली. आजचं संगीत ग्रीकांच्या तिन्ही जातींची सरमिसळ आहे, हा एकाचा दावा. निव्वळ डायटोनिक आहे, हा दुसऱ्याचा. पंचांनी निकाल व्हिचेन्तिनोच्या विरुद्ध दिला. साधा माणूस पैसे देऊन घरी गेला असता. यानं १५५५ मध्ये एक भलाथोरला ग्रंथ छापून त्यात ते भांडण पुन्हा मांडलं, आणि सप्तकाला छत्तीस पट्ट्यांचा, दोन मजली आर्किचेम्बालो बनवून घेतला. तो सुरात लावायला किती वेळ लागत असेल याचा विचार केला की मला पैज जिंकणाऱ्याचा हेवा वाटतो.

तर हे सगळे लावणारे. वाजवणारा कुणी निघाला का? निघाला. आमच्या तारपिळ्यांच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, आणि तो त्याच शहरात १९७४ साली वारला, याचा त्यांना गावच्या ग्रामदैवतासारखा अभिमान.

हॅरी पार्च. जन्म १९०१, ओकलंडचा. १९३० मध्ये त्यानं आपलं चौदा वर्षांचं लेखन, सगळ्या स्वररचना, लोखंडी शेगडीत घातल्या आणि पेटवल्या. का, तर त्या पियानोच्या बारा सुरांत होत्या. मग व्हायोलाला चेलोचा पट्टा बसवून घेतला आणि त्यावर बोटांच्या जागा आखल्या. १९३४ साली शिष्यवृत्तीवर तो लंडनला कॅथलीन श्लेसिंगरबाईंकडे गेला. बाईंनी ब्रिटिश म्युझियममधल्या एका ग्रीक कलशावरच्या चित्रावरून किथारा ही ग्रीक वीणा करवून घेतली होती. पार्चनं तिचं रेखाटन करून आणलं आणि पुढं स्वतःची बनवली, ती माणसाच्या उंचीला भारी पडेल अशी. वादकाला पायऱ्यांवर उभं राहावं लागतं.

श्लेसिंगरबाईंचं मत असं, की ग्रीकांच्या ऑलोस या सनईवजा वाद्याची भोकं सारख्या अंतरावर असत, आणि त्यातूनच त्यांचे सगळे स्वरग्राम निघाले. या विषयावर १९३९ मध्ये त्यांनी मोठं पुस्तक लिहिलं. बहुतेक विद्वानांनी ते मानलं नाही. पण एल्सी हॅमिल्टन नावाच्या ऑस्ट्रेलियन संगीतकार बाईंनी त्याच स्वरग्रामांत चाली बांधल्या, वाजवल्या, लोकांना ऐकवल्या. मला हे फार आवडतं. ज्यांचे ग्रीक बिनचूक होते त्यांनी तळटीपा लिहिल्या, आणि ज्यांचे ग्रीक चुकले होते त्यांनी गाणी केली.

पार्च तर अमेरिकेत परतला तो मंदीच्या कडाक्यात. बरीच वर्षं रोजगार शोधत, मालगाड्यांतून फुकट हिंडत काढली. सप्तकाचे त्रेचाळीस सूर डोक्यात आणि खिशात काही नाही. कॅलिफोर्नियातल्या बार्स्टो गावी हमरस्त्याच्या कठड्यावर फुकट्या प्रवाशांनी लिहून ठेवलेले आठ मजकूर त्यानं उतरवून घेतले आणि १९४१ मध्ये त्यांना चाल लावली. कुणी आपलं नाव-गाव लिहिलेलं, कुणी नवरा हवा म्हणून जाहिरात केलेली. ग्रीकांचे सूर घ्यावेत आणि त्यांत रस्त्यावरच्या माणसाचं बोलणं बसवावं, हे सुचायला तारपिळे असून भागत नाही. पुढं बर्कलीच्या किरणोत्सर्ग प्रयोगशाळेतल्या टाकाऊ काचेच्या हंड्या कापून त्यानं लाकडी चौकटीला टांगल्या आणि वाजवल्या. फुटली की तोच सूर देणारी दुसरी हंडी शोधणं आलं. त्यानं १९४६ मध्ये ग्रीक स्वरग्रामांवर दोन छोटे अभ्यास लिहिले, त्यातला एक आर्किटसच्या त्याच एनहार्मोनिकवर. गॅरेजमधून परतल्यावर मी तो मुद्दाम ऐकला. आणि काय सांगू, तो घसा साफ केल्यासारखा वाटलेला सूर तिथं गात होता. फळीवर तो एकटा होता म्हणून खोकत होता.

आमचे तारपिळेही रचना करतात बरं का. ऑर्फियसवर ऑपेरा चाललाय. लॅपटॉपवर ‘स्काला’ नावाची प्रणाली आहे, तिच्या भांडारात पाच हजारांवर स्वरग्राम. ते सगळे त्यांनी ऐकलेत. ऑपेरा मात्र पहिल्या अंकात अडकलाय, कारण ऑर्फियसच्या लायरचं पहिलं पाऊल आर्किटसचं २८:२७ ठेवावं की डिडिमसचं ३२:३१, हे ठरत नाही. दोन्हींत फरक आठ सेंटचा. त्या आठ सेंटांपायी बिचारा ऑर्फियस पाताळाच्या दाराशी उभा आहे, आणि त्याची मेलेली बायको युरिडिसी आत वाट बघतेय. लग्न होऊन तारपिळ्यांकडे आलेल्या बायकांना युरिडिसीची स्थिती समजावून सांगावी लागत नाही.

त्यांच्या सौभाग्यवती मोकळ्या स्वभावाच्या आहेत. दिवाणखान्यात त्यांचा पियानो आहे. पियानोचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा चौदा सेंट चढा असतो, त्यामुळे त्या वाजवायला बसल्या की नवरा मोटार धुवायला जातो. ‘‘रस्त्यात आमच्याइतकी स्वच्छ मोटार कुणाची नाही,’’ त्या मला म्हणाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. जेवणानंतर तारपिळे दिसेनात. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तर जुन्या फ्रिजला कान लावून उभे. मला बोटानंच गप्प राहायला सांगितलं. मग कुजबुजले, ‘‘आमची वीज साठ हर्ट्झची. गुणगुण दुप्पट, एकशेवीसची. पियानोवर नेऊन बघा, दोन पट्ट्यांच्या अगदी मधोमध पडते. या घरात पाव सूर आपणहून वाजवणारा एवढा एकच.’’

‘‘आमच्याकडे पन्नासची असते,’’ मी सहज म्हणालो.

ते वळले. ओठ हलले. ‘‘म्हणजे शंभर. एकशेवीसास शंभर. सहास पाच!’’ त्यांनी माझा खांदा पकडला. सहास पाच म्हणजे आमचा कोमल गंधार, हे मलाही कळलं. पुण्यातला फ्रिज षड्ज, सॅन दिएगोचा कोमल गंधार. मधे सगळा पॅसिफिक.

पुण्यात उतरून बॅगा उघडतोय तोवर त्यांचा निरोप: तुमच्या फ्रिजचं ध्वनिमुद्रण पाठवा, रात्रीचं, दार बंद आणि उघडं असं दोन्ही, ऑर्फियसच्या प्रवेशाला खालचा सूर हवाय. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘‘त्यांना कळव, तो फ्रिज आपण दिवाळीला बदलतोय.’’

मी तसं कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: ‘‘कृपा करून थांबा. पहिला अंक होईपर्यंत तरी.’’